जोडाक्षरं

हिलरीबाईंचं पत्र आलं क्रॉयडनहून,
जाड कागद, कोपऱ्यात छोटासा मासा छापलेला.
कविता आवडल्या, असं लिहिलं होतं.
फक्त शेवट जमलं तर पुन्हा बघा.
आमच्या ख्रिस्ती वाचकांना आशा लागते,
आणि तुमचा भाऊ शेवटी बरा होत नाही.

होत नाही.
मी पत्रावर भाजीची पिशवी ठेवली
आणि रात्रपाळीला गेले.

इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी गरम येतात,
चार पदरी घडी घालताना ओळी सुचतात
पण हात मोकळा नसतो.
मग त्या दातांत अलगद धरून आणते,
मांजर पिल्लू आणते तशी,
लिंडलीची टेकडी उतरून बर्कबीपर्यंत, पहाटे,
आणि ओट्यावर ठेवते, किटली लावायच्याही आधी.
काही वाटेतच मेलेल्या असतात.

आशेरसाठी आम्ही उपास केले.
पाळकसाहेबांनी कपाळाला तेल लावलं.
जालन्याच्या आत्यांनी फोनवरून दीड तास प्रार्थना केली,
तेव्हा तो पुटपुटला, ताई, आमेन म्हण आता,
गुडघे दुखत असतील गं तिचे.
मंगळवारी गेला.
हे बदलू?
ज्याच्यासमोर बसून मी लिहिते
त्याला वार ठाऊक आहे.

शेवटी दोन बांगड्या रुमालात बांधून
हडर्सफील्डच्या बाजारात गेले, सोनं ठेवून घेणाऱ्याकडे.
आमच्या भाषेत तारण म्हणजे जिवाची सुटका
आणि तारण म्हणजे गहाण पडलेला डागही.
रविवारच्या शाळेत मला वाटायचं,
येशूनं आपल्यापायी कुणाकडे तरी
सोन्याचं काहीतरी ठेवलेलं असणार.
काउंटरवरच्या पोराला हे सांगायचं होतं.
त्यानं पावती फाडली, म्हणाला, नेक्स्ट.

ओल्डरॉइडचा छापखाना कालव्याकाठी.
लग्नाची कार्डं, चिप्सच्या दुकानांचे दरपत्रक, चॅपलची पत्रकं.
डेरेकनं कागद डोळ्यांशी नेला,
म्हणाला, तुमची अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात.
एकशेवीस प्रती ठरल्या.
वाचणार कोण, ते त्यानं विचारलं नाही.
विचारलं असतं तर चौदा घरं सांगितली असती,
महिन्यातून एकदा सेंट बार्नबसच्या मागच्या खोलीत जमणारी,
ज्यांच्या पोरांना मराठी ऐकू येते, वाचता येत नाही.

खोकं उघडलं तर
यंत्राला जोडाक्षरं कळलीच नव्हती.
प्रार्थना झाली होती प् रार् थना.
मृत्यूचाही सांधा निखळलेला.
येशू शाबूत, आशेर शाबूत,
त्यांच्या नावांत कुठे जोड नाही.
पण पानापानावर
ख् रि स् त,
चार तुकडे, मध्ये जागा,
ताटलीत ठेवतात तसे.

डेरेक टोपी हातात धरून दारात उभा,
पैसे परत करतो म्हणाला.
मी म्हटलं, चहा घे.

त्यानंतरचे सहा आठवडे काळं पेन घेऊन बसले.
एका प्रतीला पाऊण तास.
बोटाला घट्टा पडला, शाई बाहीला लागली,
आणि खरं सांगते, एवढ्या नीटपणे
त्याचं नाव मी कधी घेतलं नव्हतं,
कधीकधी शिवी हासडूनही घेतलं, त्या रात्रीत.

शेवटच्या पानावर, आशेरच्या मंगळवारी,
पेन चाललं नाही.
ते नाव तिथे मोडलेलंच राहू दिलं,
एकशेवीसही प्रतींत.

थोरातकाकूंनी भिंग लावून सगळं वाचलं,
पुढच्या सभेला मला खिडकीशी बोलावलं.
शेवटी चुकलंय गं इथे.
हो, मी म्हटलं.
त्यांनी भिंग पुन्हा धरलं, बराच वेळ,
ओठ हलवत.
मग म्हणाल्या, पण वाचता येतंय.

ब्याण्णव प्रती अजून पलंगाखाली आहेत.
पावतीची मुदत मार्चपर्यंत.